नेब्रास्काचा एक कायदा आणि दोन निकाल

अमेरिकेतला गर्भपाताचा वाद म्हटला की आपल्याला १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' हा निकाल आठवतो आणि २०२२ मध्ये तो मोडीत निघाल्याची बातमी आठवते. मधल्या एकोणपन्नास वर्षांकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. मला तीच वर्षे महत्त्वाची वाटतात. गर्भपातावर सरसकट बंदी घालता येत नाही म्हटल्यावर राज्यांनी त्याच्या पद्धतीवर बंदी घालायला घेतली ती याच काळात.

नेब्रास्का हे मक्याचे आणि गुराढोरांचे राज्य. पन्नास राज्यांत एकच सभागृह असलेले विधिमंडळ फक्त इथले. या विधिमंडळाने १९९७ मध्ये 'अर्धवट प्रसूती करून केलेला गर्भपात' हा गुन्हा ठरवला. शिक्षा वीस वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय डॉक्टरचा परवाना आपोआप रद्द. त्या सुमारास सुमारे तीस राज्यांनी असे कायदे केले होते. गंमत अशी, की ज्या नावाने हा गुन्हा ओळखला गेला ते नाव वैद्यकशास्त्रातले नव्हतेच. ते राजकारणातून आले होते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असेच होते.

लिरॉय कारहार्ट हे पूर्वी हवाई दलात शल्यविशारद असलेले डॉक्टर या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांची अडचण साधी होती. गर्भाचा 'मोठा भाग' गर्भाशयाबाहेर आणून गर्भ नष्ट करणे म्हणजे गुन्हा, असे कायदा म्हणत होता. मोठा म्हणजे किती? चौथ्या-पाचव्या महिन्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीतही गर्भाचा काही भाग आधी बाहेर येतोच. राज्याचे महाधिवक्ता डॉन स्टेनबर्ग म्हणत होते, की आमचा रोख फक्त एका विरळा पद्धतीवर आहे. मग कायद्यात तसे स्वच्छ का लिहिले नाही, हा प्रश्न उरतोच. जी शस्त्रक्रिया डॉक्टर काल करत होता, तिच्यासाठी आज त्याला तुरुंगात जावे लागेल की नाही, हे सरकारी वकिलाच्या शब्दावर सोडायचे काय?

दुसरी उणीव माझ्या मते अधिक गंभीर होती. बाईचा जीव वाचवायचा असेल तर कायद्यात सूट होती, तिची प्रकृती सांभाळण्यासाठी नव्हती. आपल्याकडचा १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा इथे आठवतो. त्यात जिवाच्या धोक्याबरोबर शारीरिक आणि मानसिक आरोग्याच्या गंभीर हानीचाही उल्लेख आहे. गर्भपात कोणी, कुठे, किती आठवड्यांपर्यंत करायचा हे तो सांगतो. शस्त्रक्रिया कशी करायची हे डॉक्टरवर सोडतो.

२८ जून २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नेब्रास्काचा कायदा रद्द केला. निकाल न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिला, त्यांच्या बाजूने न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर होत्या. न्यायमूर्ती केनेडी विरोधात होते.

प्रकरण तिथेच संपायला हवे होते. पण २००३ मध्ये अमेरिकी संसदेने त्याच नावाचा, व्याख्या जरा घट्ट केलेला, देशभर लागू होणारा कायदा केला. आरोग्याची सूट त्यातही नव्हती. तोच डॉक्टर पुन्हा न्यायालयात गेला. दरम्यान २००६ च्या जानेवारीत ओकॉनर निवृत्त होऊन त्यांच्या जागी न्यायमूर्ती अलिटो आले होते. १८ एप्रिल २००७ चा निकाल पुन्हा पाच विरुद्ध चार, फक्त उलट्या दिशेने. या वेळी निकाल लिहिला तो केनेडींनी. न्यायपीठावर तेव्हा एकट्याच उरलेल्या स्त्री न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले विरोधी मत न्यायालयात वाचून दाखवले. व्याख्या घट्ट झाली हे मान्य. पण आरोग्याच्या मुद्द्यावर सात वर्षांत वैद्यकशास्त्र बदलले नव्हते. एक खुर्ची बदलली होती.

'रो' मोडीत काढणारा २०२२ चा निकाल याच अलिटोंनी लिहिला. नेब्रास्काने २०२३ मध्ये बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली. कारहार्ट त्याच वर्षी वारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांपुढे दोन परस्परविरोधी प्रस्ताव एकाच वेळी आले, आणि पहिल्या तिमाहीनंतर बंदी घालणारा प्रस्ताव राज्यघटनेत गेला. बलात्कार, निषिद्ध नात्यातील संबंध आणि 'वैद्यकीय आणीबाणी' एवढ्याच सवलती त्यात आहेत. आणीबाणी कशाला म्हणायचे, हे रुग्ण टेबलावर असताना डॉक्टरला ठरवायचे आहे.