दोन कृष्णराव

आपल्या संगीतविभागाच्या जुन्या सूचीत ‘कृष्णराव’ या एकाच नोंदीखाली दोन गवयांची पुस्तके आहेत. एक आळंदीचे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४), भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळी गाजवून त्यांनी ‘प्रभात’च्या ‘माणूस’ला (१९३९) संगीत दिले. ‘वंदे मातरम्’साठी त्यांनी केलेली धडपड तर सर्वश्रुतच. दुसरे ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९). वडिलांकडून ख्याल-टप्प्याची विद्या घेऊन १९१४ मध्ये त्यांनी तेथेच संगीत विद्यालय काढले. दोघेही पद्मभूषण (१९७१, १९७३), त्यामुळे घोटाळ्यात भरच! रंगभूमीमुळे मास्तरांचे नाव घरोघरी पोहोचले; सरमिसळीत नुकसान होते ते पंडितांचे. माझे विद्यार्थीदेखील ‘कृष्णराव’ म्हणताच नाट्यपदेच आठवतात. नव्या सूचीत निदान आडनावे तरी पूर्ण लिहावीत, ही विनंती.