खंडणी : एका शब्दाचा प्रवास

आज आपण एकाच शब्दाचा विचार करणार आहोत. शब्द आहे 'खंडणी'. वर्तमानपत्रात तो गुन्ह्यांच्या पानावर असतो आणि इतिहासाच्या पुस्तकात पराक्रमाच्या पानावर. हे कसं, असं सातारा-सांगलीच्या लोकांनी तरी विचारायला हवं.

खंड म्हणजे तुकडा, ठरवून वेगळा काढलेला वाटा. आपण आजही शेत 'खंडानं' देतो; रक्कम आधी ठरलेली असते. राजकारणातली खंडणी मात्र फौजेच्या बळावर ठरायची. तिचा सर्वांत मोठा कागद साताऱ्याच्या गादीचा आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू महाराजांसाठी स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाईचे शेकडा २५ आणि सरदेशमुखीचे १०. पण घेणाराही बांधला गेला होता. चौथाईपोटी बादशाहीच्या मदतीला १५ हजार फौज ठेवायची, सरदेशमुखीपोटी मुलखातल्या चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करायचा. अर्थात, ज्या रयतेनं पैसा भरायचा तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. बंगालमध्ये मराठी घोडेस्वारांची धास्ती 'बर्गी' या शब्दानं अंगाईगीतात उरली आहे.

आता आजचं बोलणं ऐका. समजा, एक माणूस दुकानात येतो. "काय शेठ, बरं चाललंय ना? पोरगी कॉलेजला एसटीनंच जाते न्हवं?" यात धमकीचा एक शब्द नाही. चौकशीच आहे. पण शेठचा घसा कोरडा पडतो. मग "पोरांचं जरा बघा की." शेठ म्हणतो, "दादा, एवढं जमणार नाही, थोडं कमी करा." इथं सत्ता कुठं आहे बघा. मागणारा वयानं लहान असूनही 'दादा' झाला. आणि 'कमी करा' म्हणताच मागणी मान्य झाली, वाद उरला तो फक्त आकड्याचा. पुढं तो पैसा 'हप्ता' होतो, म्हणजे जणू आपणच फेडायचं कर्ज!

हार्ट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६१ मध्ये एक भेद दाखवला. बंदूक रोखून कुणी पैसे मागितले तर ते देणं भाग पडतं, पण ते आपलं कर्तव्य ठरत नाही. खंडणीखोराची सगळी कला हा भेद पुसण्यात असते. म्हणून तो 'संरक्षण', 'वर्गणी', 'सहकार्य' असे राज्याचे आणि समाजाचे शब्द उसने घेतो. सनदेत घेणाऱ्याच्याही अटी होत्या; याच्या संरक्षणात धोकाही तोच आणि राखणदारही तोच.

याच मातीत, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावगुंडांचा बंदोबस्त केला आणि लोकांसमोर न्यायनिवाडे केले. चारचौघांत नाव घेतलं गेलं की गुंडाची 'दादा' ही पदवी गळून पडते.

कायद्यानंही तेच केलं आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३८३, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०८. दोन्हींचं सार एकच : इजेची भीती घालून अप्रामाणिकपणे मालमत्ता काढून घेणं. भाषा कितीही गोड असो, कायदा भीती बघतो. तेव्हा घरी, दुकानात, पोलीस ठाण्यात 'हप्ता' म्हणू नका, 'खंडणी' म्हणा. भीती एका दिवसात जाणार नाही. पण निदान आपली जीभ तरी त्याच्या चाकरीत राहणार नाही.