घर पाडायचंय, पण तुळई विकायची नाही

आजचा एपिसोड अगदी घरचा आहे. म्हणजे खरंच आमच्या घराचा.

इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला आमचं माळवदाचं घर आहे. दिवाळीनंतर ते पाडून आरसीसीचं बांधायचं ठरलंय. पावसाळ्यात माळवद गळतं, भिंतींना ओल येते, त्यामुळे वाद नव्हताच. कोटेशनमध्ये एक ओळ होती: जुनं लाकूड कॉन्ट्रॅक्टरचं, त्याची किंमत बिलातून वजा. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून 'ओके' टाकणार, तेवढ्यात आजीचा फोन आला.

"घर पाडा, माझी ना न्हाई. पर तुळई इकू नका. ती पाण्यापासनं वाचवल्याली हाय."

मग मी शोधायला बसलो.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरत आपल्या इंदापुरात आलं. पळसदेवचं जुनं गाव त्यात बुडालं आणि गाव उठून वर नव्या जागी बसलं. पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर मात्र तिथेच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. रील्समध्ये पाहिलं असेल तुम्ही.

आता आमची गोष्ट. पाणी यायच्या आधी आजोबांनी स्वतःचं घर स्वतःच्या हातानं उतरवलं. चौकटी, खांब, सागवानी तुळई बैलगाडीत घातली आणि नव्या गावठाणात पुन्हा उभी केली. म्हणजे मी ज्याला 'जुनं घर' म्हणतोय ते मुळात नवं घर होतं! तुळई तेवढी जुनी.

हे आपल्याकडे फार आधीपासून चालत आलंय. पुणे जिल्ह्यातच, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि शंभराहून जास्त घरांचे अवशेष सापडले. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ माणसं तिथे राहिली. घरं पडली, त्याच मातीवर नवी उभी राहिली. सुरुवातीची घरं मोठी, चौकोनी. शेवटच्या काळातल्या झोपड्या लहान, गोल. दिवस वाईट आले होते, हे घरांच्या आकारावरून कळतं. गावठाणाला आपण 'पांढरी' म्हणतो ना? ती माती म्हणजे बऱ्याच अंशी पिढ्यान्‌पिढ्या विरघळलेल्या भिंतीच.

तर घर पडणार, हे नक्की. तुळई आम्ही ठेवतोय. तिच्यावर स्लॅबचा भार टाकता येणार नाही, म्हणून तिला झोपाळा टांगायचा. बिल वाढलंय, वडील थोडे चिडलेत. चालतंय.

तुमच्याकडेही घर पाडायचं चाललं असेल, तर जेसीबी बोलवायच्या आधी एक काम करा. टेप घेऊन खोल्या मोजा, फोटो काढा आणि आजी-आजोबांना विचारा, 'हे लाकूड कुठून आणलं?' फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. भिंत पडल्यावर ते विचारायचं राहून जातं.

भेटू पुढच्या एपिसोडला.