डान्सबारमधील स्त्रियांवरील माहितीपट : ‘दिल्ली-मुंबई-दिल्ली’

रोजगारासाठी दिल्लीहून मुंबईच्या डान्सबारमध्ये येणाऱ्या तरुणीचे जीवन हा सबा दिवान यांच्या ‘दिल्ली-मुंबई-दिल्ली’ (२००६) या माहितीपटाचा विषय आहे. बंदीच्या वादात नैतिकतेची चर्चा पुष्कळ झाली. या स्त्रियांच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र मागे पडला. त्यामुळेच हा माहितीपट महत्त्वाचा ठरतो. दिवान यांनी पुढे ‘नाच’ (२००८) मध्ये बिहारमधील सोनपूरच्या जत्रेतील नर्तकींचे, तर ‘द अदर साँग’ (२००९) मध्ये तवायफांचे जग चित्रित केले.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घातली. तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले मात्र तीतून वगळली. हा भेदभाव न्यायालयात टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरविलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०१३ मध्ये अमान्य केली.