गॉडझिला बघताना कोणी हसलं नाही

टोकियोत १९५४ चा मूळ 'गोजिरा' बघायला मी हसायच्या तयारीनेच गेलो होतो. रबरी सूट घातलेला माणूस खेळण्यातली घरं तुडवणार, अजून काय? पण थिएटर गप्प होतं.

सिनेमा सुरू होतो तो समुद्रातल्या लख्ख उजेडाने आणि पेटलेल्या बोटीने. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती बोट ओळखीची होती. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. सिनेमा आला ३ नोव्हेंबरला.

त्यात ट्रेनमधली एक मुलगी वैतागून म्हणते, नागासाकीतून वाचले आणि आता हे! १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत हा संवाद नाही; त्याऐवजी एक अमेरिकी पत्रकार घुसवलाय. जगभर फिरला तो हाच गॉडझिला.

माझं जपानी कच्चं आहे, पण त्या दिवशी मी भाषेपाशी अडलो नाही, तारखेपाशी अडलो. ती लाकडी बोट टोकियोतच, युमेनोशिमाच्या संग्रहालयात आहे. पुढच्या रविवारी जाऊन बघून आलो.