ब्रेक का ओरडतो?



गेल्या महिन्यात मावशीला आणायला हीथ्रोवर गेलो होतो. गाडीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "अरे, उतरायच्या आधी पंखातून केवढी घरघर येत होती! काही मोडलं नव्हतं ना?" म्हटलं, "मावशी, ते फ्लॅप बाहेर येत होते. त्या घरघरीवरच मी तीस वर्षं पोट भरलं." तिचं समाधान झालं, पण माझ्या डोक्यात जुनं सगळं फिरू लागलं. म्हणून हा पत्रप्रपंच.

पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट आणि मागच्या कडेला फ्लॅप असतात. कमी वेगात विमान तोलून धरायला ते बाहेर काढतात. त्यांना हलवणारं यंत्र म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. हलवणं त्या मानानं सोपं, खरी कसोटी धरून ठेवण्यात. २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून उडताना अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं डावं इंजिन निखळलं आणि जाताना हायड्रॉलिकच्या नळ्या तोडून गेलं. त्या विमानाचे स्लॅट निव्वळ तेलाच्या दाबावर जागच्या जागी राहत, यांत्रिक कुलूप असं नव्हतंच. दाब गेल्यावर समोरच्या वाऱ्यानं डावीकडचे बाहेरचे स्लॅट आत ढकलले, तो पंख स्टॉल झाला आणि विमान कलंडून कोसळलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण गेले. मी या धंद्यात शिरलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट ऐकली.

अ‍ॅक्च्युएटरच्या आत जो 'नो-बॅक' ब्रेक बसवतात, त्याचं काम एवढंच: मोटरनं फिरवलं तर फिरायचं, वाऱ्यानं ढकललं तर नाही. जुन्या पद्धतीचा स्क्रू घर्षणामुळे आपोआपच अडतो. बॉल-स्क्रू मात्र इतका गुळगुळीत चालतो की भार आला की उलटा फिरतो. तोडगा विमानांपेक्षा जुना आहे. गॅरेजमधला चेन पुली ब्लॉक आठवा. ओझं वर घेताना रॅचेटची टिकटिक होते, आणि साखळी सोडली तरी ओझं खाली येत नाही. आतला वेस्टन ब्रेक एकोणिसाव्या शतकातला. ओझं उतरवताना मात्र रॅचेट अडून बसतं, आणि घर्षणाच्या चकत्या दाबाखाली घासत घासत सरकतात. विमानातही तसंच. वारा ज्या दिशेला ढकलतो त्याच दिशेला फ्लॅप न्यायचा असला की मोटरला ब्रेकशी झटापट करावी लागते, आणि तिथेच तो ओरडतो.

का ओरडतो? कुलोम्बनं १७८५ साली छापलेल्या निबंधात नोंदवलं होतं की स्थिर वस्तू हलवायला लागणारा जोर चालती वस्तू चालू ठेवण्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणजे चकती आधी चिकटते, मागचा शाफ्ट पिळला जातो, मग ती एकदम सुटते, आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की किंचाळी. व्हायोलिनचा गजही तारेला असाच धरतो नि सोडतो. हेल्महोल्ट्झनंतर त्यावर मोलाचं काम आपल्या सी. व्ही. रामन यांनी केलं. गजानं वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा प्रबंध १९१८ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. (नोबेल वेगळ्याच कामासाठी मिळालं, म्हणून हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) १९३९ साली बाउडेन आणि लेबेन यांनी धातूंवर हेच मोजून दाखवलं. 'स्टिक-स्लिप' हे नाव रुळलं ते त्यानंतर.

मोटारवाल्यांना हा त्रास आधीच भोवला होता. लँचेस्टरनं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण धातूवर धातू घासून तो भयंकर कर्कशायचा. पुढे अस्बेस्टॉसची अस्तरं आली. त्यांची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. ब्रिटननं पुरती बंदी घातली ती थेट १९९९ साली. असो.

आता माझी गोष्ट. एका कंपनीत (नाव नको) आमचा ब्रेक चाचणीच्या रिगवर असा थरथरायचा की बाजूच्या बाकावरचा चहा हिंदकळायचा. गिऱ्हाईक वैतागलं. कुणीतरी तेलात जास्त निसरडं द्रव्य घालायला सुचवलं. आवाज बंद! साहेब खूश, कागद सहीला माझ्यापुढे. मी गरम तेलात धारण-चाचणी पुन्हा लावली, तर पूर्ण भाराखाली चकती हळूहळू सरकत होती. गप्प झालेला ब्रेक धरतच नव्हता. मी सही केली नाही. पुढचे सहा आठवडे कँटीनमध्ये माझ्याशेजारी फारसं कुणी बसत नव्हतं.

शेवटी साधी वाट सापडली. चिकट आणि चालतं घर्षण जवळजवळ सारखं ठेवणारं अस्तर, त्याला साजेसं तेल, आणि मागचा शाफ्ट जरा जाड, म्हणजे पिळाला वावच कमी. थरथर पुष्कळ उतरली, थोडी घरघर राहिली. ती आम्ही राहू दिली.

मावशीला हे सगळं एम-४ वर ट्रॅफिकमध्ये सांगून झालं. ती म्हणाली, "म्हणजे अगदी आवाज आला नाही तर घाबरायचं?"

चूकभूल द्यावी घ्यावी.

ब्रिस्टलहून,
एक निवृत्त ब्रेकवाला

ता.क. एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो आमचा नव्हे. तो पॉवर ट्रान्सफर युनिटचा, म्हणजे एका हायड्रॉलिक यंत्रणेच्या जोरावर दुसरीत दाब भरणाऱ्या पंपाचा.