फणी, विष आणि ऊ

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादे तालुक्यांत म्हसावद हें गांव आहे. तेथें, किंबहुना महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवीं, दुपारचीं कामें आटोपलीं म्हणजे ओसरीवर लेकीला पुढ्यांत घेऊन तिच्या केंसांतून फणी फिरविणारी आई दृष्टीस पडते. हें दृश्य इतकें घरगुती आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु मनुष्य आणि ऊ यांचा झगडा फार जुना आहे. आणि त्यांत विषांचा डाव फसल्यावर विद्वानांस पुन्हा निर्विष उपायांकडेच वळावें लागलें.

आपल्या पूर्वजांचा या किड्याशीं इतका निकट परिचय होता कीं, त्यांनीं त्याचें मापच करून टाकलें. कौटिलीय अर्थशास्त्रांत आठ लिक्षांची एक यूका व आठ यूकांचा एक यव असें कोष्टक आहे. मराठींतील लीख आणि ऊ हे शब्द त्यांचेच वंशज होत. फणीही तितकीच प्राचीन. इस्रायलांतील लाखीश येथें २०१६ सालीं सुमारें ३,७०० वर्षांपूर्वींची एक हस्तिदंती फणी सांपडली. तिच्यावरील लेखाचें वाचन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तो केंस व दाढी यांतील उवा नष्ट होवोत, अशा अर्थाचा निघाला.

फणीच्या जोडीला आपल्याकडे सीताफळाच्या बियांची पूड आली. तिनें उवा मरतात, हें खरें. परंतु तिचा कण डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होते, आणि असे रुग्ण भारतांतील नेत्रवैद्यांनीं नोंदविलेले आहेत. वनस्पतिजन्य म्हणजे निर्विष, हा समज येथें टिकत नाहीं.

पुढें प्रयोगशाळेंतील विषें आलीं. डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं ओळखला. १९४३-४४ च्या हिवाळ्यांत इटलींतील नेपल्स शहरीं लक्षावधि नागरिकांवर त्याची भुकटी उडविण्यांत आली, आणि अंगावरील उवांमुळें पसरणारी टायफसची सांथ आटोक्यांत आली. १९४८ सालीं म्यूलर यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु १९५०-५१ च्या हिवाळ्यांत, कोरियांतील युद्धाच्या वेळीं, त्याच भुकटीला दाद न देणाऱ्या उवा आढळल्या. हें विष मज्जातंतूंवर घाला घालतें. ज्या थोड्या उवांची घडण उपजतच निराळी असते त्या वांचतात, आणि पुढील पिढी त्यांचीच होते. नंतर आलेल्या पर्मेथ्रिनाचीही अनेक देशांत तीच गत झाली.

तेव्हां शास्त्रज्ञांनीं प्रश्नच बदलला: विष न वापरतां ऊ मारतां येईल काय? २००५ सालीं इंग्लंडांत डायमेथिकोन या सिलिकोन तेलाची चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारें ७० टक्के रुग्णांस गुण आला, म्हणजे जवळजवळ कीटकनाशकाइतकाच. त्वचेचा दाह मात्र पुष्कळ कमी. रक्त पिणाऱ्या उवेला त्यांतील जादा पाणी श्वसनछिद्रांवाटे बाहेर टाकावें लागतें. तेल तीं छिद्रें बुजवितें आणि पाणी आंतच कोंडून ती मरते. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठानें नेमका उलट मार्ग धरला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगांत गरम हवेच्या झोतानें अर्ध्या तासांत सुमारें ८० टक्के उवा व ९८ टक्के लिखा नष्ट झाल्या. मज्जातंतूंची घडण बदलून असा मारा चुकवितां येत नाहीं.

आणि फणी? २००५ च्याच दुसऱ्या एका ब्रिटिश चाचणींत, ओल्या केंसांतून कांहीं दिवसांच्या अंतरानें बारीक फणी फिरविल्यावर ५७ टक्के मुलें उवांपासून मुक्त झालीं. बाजारांतील कीटकनाशक औषधांनीं अवघीं १३ टक्के. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून येथें एका दिवसाचा उत्साह पुरत नाहीं, दोन आठवड्यांची चिकाटी लागते.

कपाशीवर फवारण्याचें औषध घरांत कितीही हाताशीं असलें, तरी तें लेकीच्या डोक्यास लावणें म्हणजे उवेसाठीं लेकीचा जीव धोक्यांत घालणें होय. ऊ उडत नाहीं, उडीही मारीत नाहीं; डोक्याला डोकें लागलें कीं ती चढते. ती गलिच्छपणाची खूण नव्हे. म्हणून शेजारच्या मुलीला हिणविण्यापेक्षां, दोघींच्याही केंसांतून एकाच आठवड्यांत फणी फिरविणें अधिक शहाणपणाचें.